चांगुणाची रांग

चांगुणा माझी पाठची बहीण. तिच्याबद्दल दुसरं कुणी सांगायला लागलं की मी त्याला तिथंच थांबवतो. बाबा, तू गप ऱ्हा, मी सांगतो. तिला कडेवर घेऊन मी हिंडलो, तिचं लग्न मी जमवलं, तिच्या पोराचं लग्न जमलं तेव्हाही मी हजर होतो. मी सातवी पास आहे. आमच्या वेळची सातवी म्हंजे आजच्या कॉलेजवाल्यांनी माझ्यासमोर बसून आकडेमोड करून दाखवावी. तेव्हा मी सांगतो ते नीट ऐकायचं.

आमचं मूळ गाव माण तालुक्यात. तिकडच्या माणसाला पोहायला येत नाही. पोहणार कशात? ढग यायचे, पण ते कोकणात आणि घाटमाथ्यावर रिकामे होऊन यायचे. आमच्यावरनं जाताना नुसती सावली टाकायचे. आमचे वडील छप्पन साली धम्मात आले, पण गावच्या विहिरीला ते कुणी कळवलं नव्हतं. आई कळशी घेऊन विहिरीपासून लांब बसायची. कुणाला दया आली तर वरनं ओतायचा, नाय तर ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून ऱ्हायची. एक दिवस ती उठली आणि म्हणाली, "आता बास." वस्तीतल्या बायकांना घेऊन ओढ्यात गेली आणि वाळू उकरली. कंबरभर खड्डा झाल्यावर खाली पाणी पाझरलं. त्याला आमच्याकडं झिरा म्हणतात. वाडग्यानं भरायचं, खड्डा परत पाझरेपर्यंत थांबायचं, मग पुढच्याचा नंबर.

थांबायला वेळ कुणाला होता? मग आईनं रांग लावली, पण माणसांची नाय, भांड्यांची. तू तुझा हंडा रांगेत ठेव आणि कामाला जा. पाणी पाझरलं की जो तिथं असेल त्यानं पुढचं भांडं भरायचं, मग ते कुणाचंही असो. ज्याच्या घरात आजारी माणूस किंवा बाळंतीण असेल त्याचं भांडं पहिलं. त्यानं मागायचं नाय, आपणच उचलून पुढं ठेवायचं. आणि खड्डा कधी कोरडा खरवडायचा नाय. तळाला थोडं सोडायचं, तो झिऱ्याचा वाटा. चिमण्या यायच्या, शेरडं यायची.

चांगुणा फ्रॉकात असल्यापासनं त्या रांगेजवळ बसलेली असायची. मी पण असायचो. पण मला कंटाळा यायचा आणि तिला नाय यायचा, एवढाच फरक.

बहात्तरच्या दुष्काळात सगळं घर खडी फोडायला गेलं. सरकारनं दिलेली सुकडी खाऊन दिवस काढले. त्यानंतर मी अंबरनाथला आलो. उल्हासनगरला लोखंडी कपाटांच्या कारखान्यात झाडू मारण्यापासून सुरुवात केली आणि मुकादम झालो. शेठ सिंधी. दहा माणसांत मला हाक मारायचा, "रामू साईं, तू बोल, ये लोग को समझता नहीं." मी बोललो की काम व्हायचं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाय, झालं तसं सांगतो.

तर चांगुणासाठी मी पोरगा बघितला. कोंडाजी. अंबरनाथला कंपनीत होता, आपल्याच समाजातला, दारूला न शिवणारा. घर वांगणीच्या वर, डोंगराला लागून वाडीत. मी पावसाळ्यात बघायला गेलो होतो. काय ते पाणी! दगडातनं पाणी, भिंतीतनं पाणी, वाटेवरनं पाणी. मी गावी जाऊन आईला सांगितलं, "म्हातारे, तुझी लेक आता पाण्यात लोळणार."

चांगुणाचा निरोप आला तो होळीनंतर. मी भेटायला गेलो तर दारातच म्हणाली, "दादा, तू मला कुठं दिलंस माहीत हाय का? हितं पाणी शिळं होतं!"

मला कळेना. मग तिनं सांगितलं. पावसाळ्यात तिची सासू रोज सकाळी रात्रीचं पाणी अंगणात ओतून द्यायची आणि म्हणायची, शिळं झालं, ताजं भर. चांगुणानं पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती धावत जाऊन हंड्याला बिलगली होती. सगळी वाडी हसली होती. आमच्या माणात भाकरी शिळी होते, कालवण शिळं होतं, माणूससुद्धा शिळं होतं. पाणी कधी शिळं होत नाय. आणि आता होळी झाली तर विहिरीचा तळ दिसायला लागला होता. खाली सगळा कातळ आणि वरनं उतार. चार महिने पडलेला पाऊस घसरगुंडीवरनं गेल्यासारखा उल्हास नदीला जाऊन मिळायचा. शिळं म्हणून पाणी ओतणाऱ्या बाया आता घोटभर पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. माझी निवड चुकली नव्हती. पोरगा हिऱ्यासारखा होता. पाणी चुकलं, त्याला मी काय करणार?

वाडीखालच्या ओहोळात पण एक खड्डा होता, तिकडं त्याला डवरा म्हणतात. म्हंजे आमचा झिराच. तिथं जिचा आवाज मोठा तिचा हंडा पहिला. चांगुणा तिथं गेली आणि तिनं भाषण वगैरे काही केलं नाय. आपला हंडा सगळ्यांच्या मागं ठेवला आणि तिथंच बसून पुढच्या बायकांची भांडी भरत ऱ्हायली. तिचं घर ओहोळाला सगळ्यात जवळ, तरी तिचा हंडा शेवटी. बाया म्हणायच्या, "माणदेशची मास्तरीण आली बघा." ती हसायची आणि भरायची. कुणाच्या पोराला ताप आला की तिला कसं कळायचं देव जाणे, पण त्या घरचा हंडा ती उचलून पुढं ठेवायची. ज्या बाईचा हंडा पुढं गेला ती दुसऱ्या वेळी भांडायची कशी? तोंडच उरायचं नाय. दोन-तीन उन्हाळे गेले आणि रांग लागली. मग चांगुणा तिथं नसली तरी रांग असायची.

एका साली वरच्या गावचा डवरा आटला. वरचं गाव म्हंजे शेतकरी कुणबी, पिढ्यान् पिढ्या आमच्या लोकांना लांब ठेवलेले. जयंतीच्या आसपासची गोष्ट, मी वाडीतच होतो. सकाळी बघतो तर ओहोळाच्या पलीकडं वरच्या गावचा हिरामण उभा. चांगला बागायतदारासारखा राहणारा माणूस, हातात रिकामा डबा. बाजूला त्याची म्हातारी आई, सखूबाई. पुढं येईनात आणि मागंही जाईनात.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "चांगुणे, बसू दे त्यांना तिकडं. आपली आई बसायची तेवढा वेळ बसू दे. मग वरनं ओतू."

चांगुणानं माझ्याकडं बघितलं. "आईला रांगेत जागा नव्हती दादा, म्हणून ती लांब बसायची. मी कुणाला लांब नाय बसवणार. मी रांगेत उभं करणार." आणि पलीकडं हाक मारली, "हिरामणभाऊ, डबा शेवटच्या हंड्याच्या मागं ठेवा. नंबर आला की भरून ठेवू."

हिरामण आला. डबा ठेवताना वाकला. त्याला कुणी वाकवलं नव्हतं, पण रांगेत भांडं ठेवायचं तर माणसाला वाकावंच लागतं. मी ते डोळे भरून बघितलं. आई तेव्हा नव्हती, नाय तर तिला आणून दाखवलं असतं. त्या दिवसापासनं दोन्ही वस्त्यांची भांडी एका रांगेत. असली बहीण आहे माझी.

आता खरी गोष्ट. चांगुणाचा पोरगा मिलिंद. दिसायला मामावर गेलाय. बदलापूरला मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला, हातात कला. कोंडाजी भावजी तोवर वारले होते, घरात मायलेक दोघंच. मिलिंदला मुली सांगून यायच्या. पाहुणे यायचे, पोहे खायचे, पोराशी बोलून खूश व्हायचे आणि मग कुणीतरी म्हणायचं, "जरा विहीर बघून येतो." विहिरीवरनं परत आले की चेहरे बदललेले. "पोरगा सोन्यासारखा हाय हो, पण..." त्या 'पण'च्या पुढं कुणी बोलायचं नाय. आपली पोर डोंगरात हंडे वाहायला कोण देणार?

दोन ठिकाणं अशी गेली. तेव्हा मिलिंद आईला म्हणाला, "हे तिसरं. हे पण फिसकटलं तर मी बदलापूरजवळ खरवईला खोली घेतो. नळ असलेली. तू येणार असशील तर चल."

चांगुणा येणार नव्हती हे त्याला माहीत होतं आणि मलाही. वाडी सोडून ती कुठं जाणार? आणि तो गेल्यावर ती त्या घरात एकटी. त्या आठवड्यात मी गेलो तेव्हा तिनं चहात मीठ टाकलं. माझी बहीण चहात मीठ टाकते म्हंजे पोटात काय चाललंय हे मला सांगायला लागत नाय.

तिसरं ठिकाण उल्हासनगरचं. पोरगी शीला, कॅम्पात राहणारी, बालवाडीत शिकवायची. आई लहानपणीच गेलेली, वडील गरीब स्वभावाचे. पोरीला वाढवली ती आत्यानं, वेणूबाईनं. म्हंजे होय-नाय काय ते वेणूबाईच बोलणार. मी चौकशी काढली होती. अख्खी गल्ली तिला टरकायची. कपाळावर भुवईच्या वर मोठा व्रण. नळावरच्या भांडणात कुणीतरी कळशी मारली होती.

मी चांगुणाला म्हणालो, "तू टेन्शन घेऊ नको. तुझा दादा अजून जिवंत हाय."

आमच्या कारखान्याला पाणी पुरवणारा टँकरवाला सदू माझ्या शब्दातला. ज्या रविवारी पाहुणे यायचे होते, त्या सकाळी मी टँकर घेऊन वाडीवर हजर. ऐन वैशाख. त्या चढावर टँकर चढवणं म्हंजे खायचं काम नाय. सदू दोनदा म्हणाला, "रामभाऊ, गाडी मागं जाईल." मी म्हणालो, "मी पुढं बसलोय ना? मग मागं कशी जाईल?" चढवला. विहिरीत पाइप सोडला. कोरड्या विहिरीत पाणी पडतानाचा तो आवाज! पोरं नाचायला लागली. तळ झाकला, कातळ झाकला, आत आभाळ दिसायला लागलं.

मी चांगुणाला बजावलं, "पाहुणे विहीर बघून जाईपर्यंत ह्या पाण्याला कुणी हात लावायचा नाय. दुपारपर्यंतचा प्रश्न हाय. पोराच्या जन्माचा प्रश्न हाय." मी कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि पाहुण्यांना आणायला खाली वांगणीला गेलो.

पाहुणे भेटले. शीलाचे वडील आणि वेणूबाई. रिक्षात मी त्यांना सगळं सांगितलं. मिलिंद कसा, आमचं घराणं कसं. वेणूबाई म्हणाली, "सगळं ठीक हाय. पाणी?"

मी म्हणालो, "विहीर हाय घरची म्हणा ना. तुडुंब."

"वैशाखात तुडुंब?"

"चला, डोळ्यांनीच बघा."

वाडीच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि मला समोरनं बाया येताना दिसल्या. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, सगळ्या हसत खिदळत. वरच्या गावच्या पण होत्या. मी तसाच विहिरीवर गेलो. तळाला चिखल, चिखलात एक बेडूक. बस.

चांगुणा काठावर उभी होती, पदर खोचलेला, अंग भिजलेलं.

मी दबक्या आवाजात ओरडलो, "काय केलंस तू हे?"

"वाटलं."

"अगं, मी सांगून गेलो होतो ना!"

"दादा, डवऱ्यावर कालपासनं रांग लागलेली. पाझर नावालाच. पुढच्या हंड्यांत हिरामणच्या सुनेचा हंडा, ओली बाळंतीण हाय ती. तिच्या डोळ्यांदेखत पाणी झाकून ठेवू? उद्यापासनं मी कुठल्या तोंडानं कुणाचा हंडा मागं ठेवायला सांगू?"

"आणि मिलिंद? तो जाईल ना खरवईला!"

"जाईल तर जाईल," म्हणाली. पण आवाज तिचा नव्हता.

एवढ्यात मागनं वेणूबाई आली. विहिरीत वाकून बघितलं. मग माझ्याकडं. "तुडुंब हाय," म्हणाली. "बेडकासाठी."

मी कारखान्यात चाळीस माणसं हाताळलेला माणूस, पण मी नुसती शर्टाची बाही सरळ करत ऱ्हायलो. चांगुणाच पुढं झाली. "विहीर होळीलाच आटते, ताई. सकाळी दादानं टँकर आणलेला, तुम्हाला दिसावं म्हणून. तो आम्ही वाटून घेतला. आता पाऊस येईपर्यंत खालचा डवरा. खोटं सांगून तुमची पोर आणायची नाय मला."

"दाखवा डवरा," वेणूबाई म्हणाली. शीलाचे वडील सावलीत बसले. ही बाई त्या उन्हात ओहोळात उतरली. मागनं चांगुणा आणि मी.

डवऱ्यावर माणूस नव्हता. नुसती रांग. हंडे, कळशा, तेलाचे डबे, एक चेपलेलं पातेलं. एका जागी तर भांडंच नाय, नुसती चप्पल ठेवलेली. म्हंजे मागनं भांडं आणतो, जागा धरा. टँकरचं पाणी घेऊन ज्यांची भांडी भरली होती त्यांनी परत आपली आपली भांडी शेवटी आणून ठेवली होती.

वेणूबाई रांगेच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत चालत गेली. "राखण कोण करतं?"

"कुणी नाय," चांगुणा म्हणाली.

"चोरीला जात नाय?"

"कोण नेणार? सगळ्यांना सगळ्यांची भांडी ओळखता येतात."

"आणि नंबर? नंबर कुणी हलवत नाय?"

चांगुणा नाय म्हणाली, तरी वेणूबाईचा विश्वास बसेना. कॅम्पात नळाला पाणी यायचं तेव्हा पाठ वळली की हंडा गायब आणि तोंड उघडलं की मारामारी. तिनं पिशवीतनं आपली पाण्याची बाटली काढली, उरलेलं पिऊन टाकलं आणि ती रिकामी बाटली सगळ्या रांगेच्या पुढं नेऊन ठेवली. पहिल्या नंबरला. ठेवून माझ्याकडं बघितलं, म्हंजे बघूया आता काय होतं ते. मी मनात म्हटलं, आता वाडीतली एखादी बाई येणार, हिला चार शब्द ऐकवणार, आणि सोयरिकीचा उरलासुरला निकाल लागणार.

आली ती सखूबाई, हिरामणची म्हातारी. काठी टेकत, वाडगा घेऊन. तिनं रांगेकडं बघितलं, पुढची बाटली बघितली. खाली बसली. डवऱ्याच्या तळाला पाझरलेलं जेमतेम पाणी वाडग्यात घेतलं, पदर लावून गाळलं आणि बाटलीत ओतलं. परत पाझरेपर्यंत थांबली, परत ओतलं. बाटली भरली तशी वर बघून वेणूबाईला म्हणाली, "घे गं बाय. कोन आजारी हाय तुमच्यात?"

वेणूबाईला कळेना. "म्हंजे?"

"पुढं ठेवलीस ना बाटली. म्हंजे घरात कोनतरी आजारी असंल. ताप हाय का? लहान पोर हाय का?"

तिथं पुढं भांडं ठेवायला दुसरं कारण असू शकतं, हे त्या म्हातारीच्या डोक्यातच नव्हतं.

वेणूबाईनं बाटली हातात घेतली. कपाळावरच्या व्रणाला दुसरा हात लावला. मग एकदम हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "आमचा अख्खा कॅम्पच आजारी हाय, मावशी."

सखूबाईला ते कळलं नाय. ती म्हणाली, "मंग अजून एक बाटली आण."

वर येताना वेणूबाईनं चांगुणाचा हात धरला होता. चढ होता म्हणून असेल. अंगणात आल्यावर भावाला म्हणाली, "पोरगी द्यायची. पाणी आपल्याकडं हाय आणि माणसं नायत. हितं उलटं हाय. पाणी काय, आज ना उद्या येईल." मग माझ्याकडं वळली. "आणि मामा, तुमचा तो टँकर लग्नाला आणा. तेव्हा कामाला येईल."

चांगुणा आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाय. चहा आला तो मात्र गोड होता. जरा जास्तच गोड.

टँकर मी लग्नाला नेला, आणि सदूनं तो न कुरकुरता चढवला. पण खरं सांगतो, लागला नाय. लग्नाच्या आदल्या दिवशी दोन्ही वस्त्यांतनं घरटी एक हंडा चांगुणाच्या दारात आला. मांडवाच्या कडेनं हंड्यांची रांग लागली. टँकरचं पाणी मग वाडीला वाटलं.

आता सगळं बदललं. डोंगराच्या पायथ्याला मुंबईवाल्यांची फार्महाउसं झाली. ओहोळाच्या काठानं कुंपण आलं, डवरा गाळानं भरला. वाडीत पाइप आला, एक दिवसाआड पाणी येतं. लोक सुखात हायत, आणि मी त्यांना नाय म्हणत नाय. पण गेलो की मी ओहोळाकडं चक्कर मारतो. तिथं आता घाणेरीचं रान माजलंय. उभा ऱ्हायलो की वाडगा दगडावर घासल्याचा आवाज कानात येतो. आधी आईचा, मग चांगुणाचा.

डवऱ्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी गेलो होतो. चांगुणाला ताप भरला होता. घरात अंथरुणावर पडून होती. मी तिला औषध देऊन ओहोळाकडं गेलो आणि बघतो तर तिचा पितळी हंडा, ज्याच्या काठाला पोचा आहे, तो रांगेत सगळ्यांत पुढं. इतकी वर्षं मी तो हंडा शेवटी सोडून दुसरीकडं बघितला नव्हता. शीला तिथं बसून दुसऱ्याचं पातेलं भरत होती. मी विचारलं, "तू ठेवलास पुढं?"

"नाय मामा. मी आले तेव्हा पुढंच होता."

कुणी ठेवला ते अजून कळलेलं नाय. मी घरी येऊन चांगुणाला सांगितलं. मला वाटलं खूश होईल. ती ताडकन उठून बसली.

"कुणी ठेवला माझा हंडा पुढं? मला काय झालंय?"

"अगं ताप हाय तुला."

"असला ताप येतो नि जातो," म्हणाली. पदर कमरेला खोचला आणि तशीच तापलेल्या अंगानं निघाली, हंडा मागं ठेवायला. मी तिचा थोरला भाऊ. अख्खा कारखाना माझं ऐकायचा. मी मागनं हाका मारत होतो, "चांगुणे, थांब, अगं थांब," आणि ती उतार उतरत होती.